लघवीत साखर ४+, पण रक्तातली उपाशीपोटीची साखर ११२. लॅबची चूक झाली की किडनी खराब झाली?

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे आहेत, आठ वर्षांपासून मधुमेह आहे, दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि आता लघवीच्या रिपोर्टात ग्लुकोजपुढे चार प्लस आले. गेल्या वर्षी त्याच जागी 'निल' होतं. घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

सगळ्यात आधी एक करा. वडिलांच्या गोळ्यांची पाकिटं काढा. पुढचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं ते वाचा. त्यात 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं नाव आहे का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन यांपैकी एखादं? कधी कधी ते मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतं, म्हणून पूर्ण ओळ वाचा. तसं नाव सापडलं तर लॅबही चुकलेली नाही आणि या चार प्लसवरून किडनी खराब झाली असंही म्हणता येत नाही. ती गोळी लघवीत साखर सोडण्यासाठीच दिलेली असते.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी करून बावीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २०२० च्या शेवटी डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांनी ती गोळी स्वस्तात आणली, आणि तेव्हापासून तुमच्यासारखा रिपोर्ट माझ्या हातून जवळजवळ रोज जातो. सुरुवातीला मीसुद्धा एका आजोबांच्या लघवीला स्ट्रिप, म्हणजे साखर असेल तसा रंग बदलणारी तपासणीची पट्टी, तीन वेळा लावली होती, नवीन डबी फोडून. दर वेळी तोच गडद रंग. शेवटी त्यांच्या मुलीला फोन करून गोळ्या विचारल्या तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून सँपल घेतानाच मी गोळ्यांची नावं लिहून घेतो.

आता किडनी साखरेचं काय करते ते सांगतो, कारण ते समजलं की रिपोर्टाची भीती निम्मी होते.

आपल्याला वाटतं की किडनी म्हणजे गाळणी: चांगलं वर राहतं, घाण खाली जाते. खरं काम बरोबर उलटं आहे. किडनी आधी जवळजवळ सगळंच खाली सोडते आणि मग हवं ते उचलून परत घेते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. आपण लघवी करतो दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात जातं. त्या १८० लिटरमध्ये साखरही विरघळलेली असते. रक्तातली साखर १०० (म्हणजे १०० मिलीत १०० मिलिग्रॅम) धरली तर लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम साखर किडनीच्या नळ्यांमध्ये उतरते. चहाचा मोठा कप भरून साखर! आणि एका वेळी अख्ख्या अंगातल्या रक्तात साखर असते किती, तर पाचेक ग्रॅम, एक चमचा. तोच चमचा दिवसभर पुन्हा पुन्हा सांडायचा आणि पुन्हा पुन्हा उचलायचा, असं हे काम चालतं. निरोगी माणसाच्या लघवीत शेवटी जी साखर उरते ती इतकी नगण्य की आमच्या स्ट्रिपला ती दिसतही नाही.

ही साखर उचलतं कोण? मार्केट यार्डात सरकत्या पट्ट्यावरून पोती चालली आहेत आणि दोन्ही बाजूंनी हमाल उभे आहेत अशी कल्पना करा. नळीच्या सुरुवातीच्या भागात हमालांची मोठी टोळी आहे, तिचं नाव एसजीएलटी-२. साधारण ९० टक्के पोती तीच उतरवते. पुढे एक छोटी टोळी आहे, एसजीएलटी-१, ती उरलेली १० टक्के उचलते. हे हमाल साखर एकटी उचलत नाहीत, सोडियमच्या जोडीनेच आत घेतात. पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप सतत सोडियम बाहेर फेकत असतो, त्यामुळे पेशीत सोडियमचा तुटवडा असतो, बाहेरचं सोडियम आत धाव घेतं आणि जाताना साखरेला ओढून नेतं. तिथून साखर मागच्या दाराने रक्तात जाते. सगळा खर्च त्या पंपाचा. आपण झोपलेले असतो तेव्हाही किडनी एवढा प्राणवायू खाते, त्यातला मोठा वाटा या सोडियम उपसण्यात जातो.

हमाल मोजकेच असतात. पट्टा कितीही भरून आला तरी मिनिटाला ठरावीकच पोती उचलली जाणार. मोठ्या माणसात ही कमाल मर्यादा मिनिटाला साधारण ३७५ मिलिग्रॅम आहे, बायकांमध्ये थोडी कमी. आता गणित करा: मिनिटाला सव्वाशे मिली गाळलं जातं, तर रक्तातली साखर ३०० होईपर्यंत लघवीत काही येऊ नये. प्रत्यक्षात मात्र १८० च्या आसपासच साखर सांडायला लागते. कारण प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या घरात नळ्या असतात आणि सगळ्या सारख्या नसतात. एखाद्या नळीत माल जास्त आणि हमाल कमी, ती आधीच हात टेकते. दुसरीत अजून जागा असते. डॉक्टर मंडळी 'रीनल थ्रेशोल्ड १८०' म्हणतात तो हाच आकडा.

आणि साखर सांडली की एकटी जात नाही, पाणी ओढून घेऊन जाते. म्हणून बेसुमार साखर वाढलेला माणूस रात्री चार-चार वेळा उठतो आणि उशाशी तांब्या घेऊन झोपतो. आपल्याकडे आजी-आजोबा म्हणायचे, 'त्याच्या लघवीला मुंग्या लागतात.' ते निरीक्षण खरंच आहे आणि फार जुनं आहे. मधुमेह हा शब्दच त्यातून आला. ती गोडी साखरेचीच, हे दाखवलं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने, १७७६ साली, लघवी आटवून.

आता तुमच्या वडिलांच्या गोळीकडे येतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ असतो, १८३५ मध्ये तो वेगळा काढला गेला. पुढे १८८६ मध्ये जर्मनीत फॉन मेरिंग यांनी तो कुत्र्यांना दिला तर त्यांच्या लघवीत साखर आली. म्हणजे मधुमेह नसतानाही लघवीत साखर येऊ शकते हे तेव्हाच कळलं होतं. तो पदार्थ हमालांच्या दोन्ही टोळ्यांना अडवायचा, तोंडाने घेतला तर पोटातच मोडायचा, म्हणून औषध झाला नाही. शंभरहून जास्त वर्षांनी त्याच साच्यावरून फक्त मोठ्या टोळीला अडवणाऱ्या गोळ्या तयार झाल्या. त्या या ग्लिफ्लोझिन.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. ९० टक्के उचलणारी टोळी बसवली तर ९० टक्के साखर वाया जायला हवी ना? तसं होत नाही. पुढची छोटी टोळी कंबर कसून कामाला लागते. एरवी तिच्यापर्यंत मालच येत नव्हता, म्हणून तिची खरी ताकद दिसत नव्हती. त्यामुळे मधुमेहात दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅमच साखर बाहेर जाते. रक्तातली साखर उतरली की गाळली जाणारी साखरही कमी होते, म्हणून ही गोळी एकटी असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. सोबत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र लक्ष ठेवायला हवं.

६० ग्रॅम साखर दीड-दोन लिटर लघवीत विरघळली तर आमची स्ट्रिप शेवटच्या चौकोनापर्यंत गडद होणारच. रक्तात ११२ असली तरी. वडिलांच्या रिपोर्टात हेच झालेलं असणार.

किडनीचं म्हणाल तर तिची तब्येत लघवीतल्या साखरेवरून कळतच नाही. ती कळते रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा), त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) यांवरून. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ३० च्या आत असेल तर चांगलं. या गोळ्या तर किडनी आणि हृदय सांभाळतात म्हणून दिल्या जातात. २०१५ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ते दिसलं आणि आज मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटलाही डापाग्लिफ्लोझिन देतात. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसू शकतं. गाळणीवरचा दाब कमी होतो त्याचा तो परिणाम असतो. घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

पाकिटांवर असं काही नाव नसेल तर? तरीही लगेच वाईट धरू नका. उपाशीपोटी ११२ असली तरी जेवणानंतर ती २३० पर्यंत जात असेल, आणि लघवी मूत्राशयात तासन् तास साठते. सुईने घेतलेलं रक्त त्या क्षणाचं सांगतं, लघवी मागच्या काही तासांचं. म्हणून जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) करून घ्या.

काही जणांत हमालच जन्मापासून कमी असतात. पोलीस भरतीच्या मेडिकलला एक मुलगा आला होता, वीस वर्षांचा, धावून धावून काटकुळा झालेला. लघवीत दोन प्लस. तिथे कुणीतरी त्याला 'तुला शुगर आहे' असं तोंडावर सांगून मोकळं झालं होतं. आमच्याकडे आला तेव्हा ओठ कोरडे पडलेले, सोबत आई. रक्तातली साखर ८४, जेवणानंतर १०२, एचबीए१सी ५.१. आई म्हणाली, 'माझ्या बाळंतपणातसुद्धा अशीच निघाली होती, नंतर कुणी बघितलंच नाही.' पुढे फिजिशियननी निदान केलं, फॅमिलियल रीनल ग्लायकोसुरिया. एसजीएलटी-२ च्या जनुकातला दोष. त्याचा सहसा काही त्रास होत नाही आणि औषधही लागत नाही. एका अर्ध्या वाक्याने त्या घरावर आठ दिवस काय गुजरलं ते मी पाहिलंय. (साखरेसोबत फॉस्फेट, बायकार्बोनेट, अमिनो आम्लंही सांडत असतील तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, फॅन्कोनी सिंड्रोम. पण त्यात माणूस इतर तऱ्हेनेही आजारी दिसतो.)

गरोदरपणात किडनी दीडपट गाळते, म्हणून एखादा प्लस बऱ्याच जणींना येतो. त्यावरून गरोदरपणातला मधुमेह ठरत नाही. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा जास्त आली तर पुढचे उपचार.

याच्या उलटी गोष्ट जास्त घातक आहे आणि ती मी घरात भोगलीय. मी शिकलो तेव्हा छोट्या लॅबमध्ये अजून बेनेडिक्टची टेस्ट चालायची. टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिली निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी धरून हलवत उकळायची. साखर नसेल तर निळं ते निळंच. असेल तर हिरवं, मग पिवळं, केशरी आणि खूप असेल तर विटेसारखा लाल गाळ. माझे काका ही टेस्ट घरीच करायचे. दर रविवारी सकाळी ट्यूब खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवायचे, 'बघ, निळी!' त्या निळ्या रंगावर विसंबून त्यांनी दोन वर्षं रक्त तपासलं नाही. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना तेव्हा मीच बोटातून रक्त घेतलं. २२८. वयाने आणि जुन्या मधुमेहाने हा १८० चा उंबरठा वर सरकतो. रक्तात सव्वादोनशे असूनही त्यांच्या लघवीत काही उतरत नव्हतं. पुढे तो अंगठा काढावा लागला. म्हणून लघवीत 'निल' आली तर कुणी निर्धास्त होऊ नका. भरपूर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांची स्ट्रिपही खोटी 'निल' दाखवू शकते.

वडिलांच्या गोळीत ग्लिफ्लोझिन निघालं तर चार गोष्टी त्यांना सांगा. लघवीत साखर असल्यामुळे त्या जागी बुरशी धरते, खाज किंवा लाली येते. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायचं आणि त्रास झाला तर न लाजता डॉक्टरांना सांगायचं. पाणी नीट प्यायचं. उलट्या-जुलाब लागले, किंवा आषाढी, नवरात्राचे कडक उपास करायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण पोटात काही नसताना या गोळीमुळे रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर ग्लुकोमीटरवर १६० दिसतायत म्हणून घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. मोतीबिंदूचं असो की हर्नियाचं, ऑपरेशन ठरलं की ही गोळी चालू आहे हे सांगायचं. मोठ्या ऑपरेशनआधी ती साधारण तीन दिवस बंद ठेवायला सांगतात.

पाकिटामागचं नाव वाचता आलं नाही तर कमेंटमध्ये जसं दिसतंय तसं लिहा. मी संध्याकाळी लॅब बंद केल्यावर बघतो आणि कळवतो.