वाळवंटात आरव्हीत पूर्णवेळ राहणाऱ्या जोडप्याचं आयुष्य खरंच कसं असतं?

तुमचा प्रश्न असा: निवृत्तीनंतर न्यू जर्सीतलं घर विकायचं, आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची आणि हिवाळे ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायचे, तर ते दोघांना झेपेल का आणि एवढ्याशा जागेत पटेल का. झेपतं. पटतंही. आम्ही नवरा-बायको नोकऱ्या संपल्यापासून असेच राहतो आणि पुन्हा ठरवायची वेळ आली तरी हेच ठरवू. पण तुमच्या एका वाक्यापाशी मी अडले. तुम्ही लिहिलंय, "गाडी आणि बाहेरचं सगळं मी बघेन, आतलं बायको बघेल." वाळवंटात ही वाटणी चालत नाही. का, ते पुढे सविस्तर सांगते, आधी जागेविषयी.

आमचा हिवाळा क्वार्ट्झसाइटजवळ जातो. कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून वीसेक मैलांवर, आय-१० आणि यूएस-९५ हे रस्ते मिळतात तिथलं हे छोटं गाव. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, रस्त्यावर माणूस दिसत नाही. हिवाळ्यात मात्र भोवतालच्या माळावर जिकडे बघाल तिकडे गाड्याच गाड्या. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा मोठा सरकारी माळ आहे. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने, म्हणजे बीएलएमने, १९८३ पासून अशा काही जागा लांब मुक्कामासाठी ठरवून दिल्या आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत आला. दर बदलू शकतात, निघण्याआधी बघून घ्या. त्यात पिण्याच्या पाण्याचा नळ, कचरा टाकायची सोय आणि टाक्या रिकाम्या करायची जागा मिळते. वीज नाही. परवाना काढायचा नसेल, तर जवळपासच्या बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर १४ दिवस फुकट राहता येतं, मग मुक्काम हलवावा लागतो.

जानेवारीत दुपारी वीस-बावीस अंश आणि पहाटे तीन-चार. ऊन कोवळं, हवा कोरडी. हवेची काळजी करू नका, काळजी पाण्याची करा.

आमची आरव्ही म्हणजे ट्रकमागे ओढत न्यायचा ट्रेलर, त्याला तीन टाक्या आहेत. चांगल्या पाण्याची ४० गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासची. जपून वापरलं तर आम्हा दोघांना ते पाणी आठवडाभर पुरतं. मी माण तालुक्यातली, टँकरची वाट बघत मोठी झाले, त्यामुळे मला हे जड गेलं नाही; नवरा पुण्यातला, त्याला थोडे दिवस लागले. आंघोळीला अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग नळ सोडायचा. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी येतं ते बादलीत धरायचं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी टाकून न देता कमोडमध्ये ओतायचं. जेवण झालं की ताटं आधी कागदाने पुसायची आणि मगच ओली करायची. हे शेवटचं नीट पाळा, कारण आपल्या फोडणीचं तेल सांडपाण्याच्या टाकीत गेलं की काही दिवसांत सिंकमधून वास यायला लागतो. फोडणी आणि तळण बाहेरच करा, टेबलावर वेगळी शेगडी ठेवून. आत केली, तर अंथरुणालाही मोहरीचा वास लागतो. प्रेशर कुकर मात्र जरूर न्या. गॅस वाचतो, वाफ कमी होते.

आपल्या लोकांच्या मनात हमखास असणारा आणि कोणी न विचारणारा प्रश्न: संडासात पाणी वापरायची सवय इथे चालते का? चालते, आणि टाकीला ते चांगलंच. संडासच्या टाकीत पाणी कमी पडलं की तळाशी घट्ट ढीग साचतो आणि तो निघता निघत नाही. पाणी वाचवायचं ते भांड्यांत आणि आंघोळीत वाचवा, इथे नको.

टाकी रिकामी करायचं काम ऐकायला नकोसं वाटतं, प्रत्यक्षात वीस मिनिटांचं आहे. हातमोजे घालायचे. जाड पाइपचं एक टोक ट्रेलरच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायचं, दुसरं जमिनीतल्या भोकात, त्यावर दगड. आधी संडासची झडप ओढायची. पाइप थरथरतो, खळखळ आवाज होतो, मग आवाज पातळ होत जातो. तो थांबला की सांडपाण्याची झडप. त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. क्रम उलटा करू नये. तिथे दोन नळ असतात, एक धुण्याचा आणि एक पिण्याचा, आणि धुण्याच्या नळाला आपला पिण्याच्या पाण्याचा पाइप कधीही लावायचा नाही. हे काम आमच्याकडे आलटूनपालटून होतं. वहिनींनाही आलं पाहिजे, आणि तुम्हाला डाळीत पाणी किती घालायचं ते आलं पाहिजे.

विजेचं थोडक्यात सांगते. छतावरच्या सोलर पॅनेलवर आणि लिथियमच्या बॅटऱ्यांवर दिवे, पंप, लॅपटॉप, इंटरनेट आरामात चालतं. मिक्सर मी दुपारी बाराला लावते, ऊन डोक्यावर असताना. एसी यावर चालवायचा विचार सोडून द्या. म्हणूनच एप्रिलमध्ये इथून निघायचं असतं. थंडीत प्रोपेनचा हीटर लागतो. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर असतो आणि रात्रभरात बॅटरी खाली आणतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे अधूनमधून बटण दाबून बघत जा. आणखी एक, इथल्या पॅक रॅट नावाच्या उंदरांना इंजिनमधल्या वायरी कुरतडायला आवडतात. रात्री गाडीचं बॉनेट उघडं ठेवलं तर ते आत घर करत नाहीत, म्हणून माळावर तुम्हाला रात्री तोंड उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतील.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. आमच्या शेजारी एका हिवाळ्यात मिशिगनचं एक जोडपं होतं. मोठा ट्रेलर, मोठा ट्रक, सगळं नवऱ्याच्या हातात. एका रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं. बायकोने तातडीच्या मदतीचा ९११ नंबर लावला आणि पलीकडून विचारलं, तुम्ही कुठे आहात? तिला सांगता येईना. माळाला पत्ता नसतो. कोणत्या रस्त्याने आत आलो, फाट्यापासून किती आत, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण गाडी तो चालवायचा. तिने शेवटी ट्रकचा हॉर्न दाबून धरला, आम्ही चार घरचे धावलो आणि फोनवर जागा सांगितली. तो वाचला. पण त्याला हलवलं लांबच्या इस्पितळात, आणि ही मागे एकटी. ट्रक चालवता येत नव्हता, संडासची टाकी भरत आलेली, जनरेटर कसा सुरू करायचा ठाऊक नाही. नवरा अतिदक्षता विभागात असताना बाई झडपेपाशी उभी राहून रडत होती. तिला कामं शिकवायला माळावरच्या बायका पुढे आल्या, मी त्यात होते. आठवड्याभरात ती ट्रक चालवायला लागली. म्हणजे येत नव्हतं असं नाही, कधी हातात दिलंच गेलं नव्हतं. मला याचा फार राग येतो, आणि आपल्या मराठी घरांत तर हे प्रेमाने, काळजीने होतं: "तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना."

म्हणून गाडी घेतल्याबरोबर वहिनींना चालवायला बसवा. ओढत नेणं अवघड नाही, अवघड आहे मागे घेणं. मोकळ्या पार्किंगमध्ये दोन शंकू ठेवून सराव करायचा. युक्ती अशी: हात स्टिअरिंगच्या वर न ठेवता खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं, हात त्या बाजूला सरकवायचा. वर हात ठेवला की सगळं उलटं होतं आणि डोकं चालेनासं होतं. बाहेर उभ्या माणसाने आरशात दिसेल असंच उभं राहायचं, फोनवर बोलायचं आणि दोनच शब्द वापरायचे, "थांब" आणि "ये". जोडप्यांची सगळ्यात मोठी भांडणं याच वेळी होतात, माळावर रोज ऐकू येतात.

आणि मुक्काम टाकला की जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोनमध्ये असतात हे खरं, पण घाबरलेल्या माणसाला फोनमध्ये काही सापडत नाही. जवळचं इस्पितळ पार्कर गावात आहे, मोठं काही असेल तर युमा किंवा फीनिक्स शहरात जावं लागतं.

तब्येतीचं अजून एक, कारण हे कोणी सांगत नाही. या भागातल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर ती फुप्फुसात जाते आणि व्हॅली फीवर होतो. खोकला, ताप, न जाणारा थकवा, दिसतो न्यूमोनियासारखा. उन्हाळ्यात तुम्ही मुलांकडे दुसऱ्या राज्यात गेलात आणि तिथे खोकला धरला, तर डॉक्टरला आपणहून सांगा की आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात होतो. तिकडच्या डॉक्टरला हे सहजी सुचणार नाही.

विम्याचं गणित घर विकण्याआधी करा. पासष्टीच्या आधी बहुतेक विमे एखाद्या राज्यातल्या किंवा भागातल्या डॉक्टरांपुरते असतात, बाहेर फक्त तातडीचं बघतात. पासष्टीनंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं. त्याऐवजी खासगी कंपन्यांची ॲडव्हांटेज योजना घेतली तर पुन्हा ठरलेल्या डॉक्टरांचा प्रश्न येतो. कायमचा पत्ता म्हणून आमच्यासारखे लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. दात आणि चश्म्यासाठी युमाजवळून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेस गावाला चालत जातात. ग्रीन कार्ड असेल तर ते नेहमी जवळ हवंच; इथल्या महामार्गांवर सीमा गस्तीची नाकी आहेत आणि तुम्ही सीमा ओलांडलेली नसली तरी विचारतात.

खाण्यापिण्याचे हाल होत नाहीत. अमेरिकेत हिवाळ्यात खाल्ली जाणारी बरीचशी पालेभाजी युमाच्या शेतांतून येते, मेजूल खजूर तिथलाच. डाळी आणि पिठं आम्ही फीनिक्सच्या भारतीय दुकानांतून भरतो, दोन तासांचा रस्ता आहे. संक्रांतीच्या सुमाराला क्वार्ट्झसाइटमध्ये आरव्हीवाल्यांची मोठी जत्रा भरते, तेव्हा मी शेजाऱ्यांना तिळगूळ वाटते. गावच्या कबरस्तानात हाजी अलीची कबर आहे, तिलाही त्या दिवसांत आम्ही जाऊन येतो. अमेरिकी सैन्याने उंट वापरून बघितले तेव्हा १८५६ मध्ये उंटांबरोबर आणलेला हा माणूस. उंटांचा प्रयोग बारगळला, तो इथेच राहिला आणि १९०२ मध्ये इथेच गेला. इथल्यांना नाव नीट उच्चारता येईना, त्याचं "हाय जॉली" झालं. दगडी पिरॅमिडवर उंट, अशी त्याची समाधी आहे. लांबून येऊन याच माळाला आपलं मानलेल्या माणसाविषयी मला फार आपुलकी वाटते.

कोरड्या ओढ्यात, ज्याला इथे वॉश म्हणतात, कधीही मुक्काम टाकू नका. जागा सपाट, वाळू मऊ, पालो वर्देच्या झाडांची सावली, मोह होतो. पाऊस डोंगरात पडतो आणि तुमच्याकडे आभाळ निरभ्र असताना पाण्याचा लोंढा येतो. जून ते सप्टेंबर या पावसाळी दिवसांत धोका जास्त, पण हिवाळ्यातल्या पावसातही ओढे वाहतात. एप्रिलनंतर उंचावर जायचं. फ्लॅगस्टाफ दोन हजार मीटरच्या वर आहे, तिथे पाइनच्या जंगलात उन्हाळा सुसह्य असतो. आग न लावण्याचे नियम मात्र कडक असतात.

आणि पटतं का? आत दोघांना एका वेळी धड उभंही राहता येत नाही, हे खरं. पण दार उघडलं की अंगण मैलभर. आमचा एक नियम आहे: सकाळी नवरा पश्चिमेला फिरायला जातो, मी पूर्वेला. परत आलो की एकमेकांना सांगायला काहीतरी असतं.

घर लगेच विकू नका. ट्रेलर भाड्याने घ्या, जानेवारीत ला पोसाचा १४ दिवसांचा परवाना काढा. पहिला आठवडा तुमच्या वाटणीने राहा. दुसऱ्या आठवड्यात कामं पूर्ण बदला: गाडी, टाक्या, गॅस वहिनींकडे आणि स्वयंपाक, भांडी, पाण्याचा हिशोब तुमच्याकडे. मग दोघं बसून ठरवा, आणि काही अडलं तर इथेच खाली विचारा; जानेवारीत आम्ही तिकडेच असू, वहिनींना ट्रेलर मागे घ्यायला मी शिकवेन.