मनुष्याची सत्ता सैतानाकडे गेली का?

प्रश्न : देवाने मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली, परंतु आदामाने आज्ञा मोडताच ती सैतानाच्या हाती गेली, असे आमच्या मंडळीत एका उपदेशकांनी सांगितले. याला शास्त्राधार आहे का? – एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : या मतासाठी बहुधा लूक ४:६ हे वचन पुढे केले जाते. तेथे अरण्यातील परीक्षेच्या वेळी जगातील राज्ये दाखवून, यांवरचा अधिकार माझ्या स्वाधीन केलेला आहे, असे सैतान येशूला सांगतो. मात्र हे बोल कोणाचे, याचा विसर पडू नये. योहान ८:४४ मध्ये प्रभूने त्यालाच लबाडीचा बाप म्हटले आहे. पापाच्या जगात त्याचा अंमल चालतो हे नवा करार मान्य करतो, पण आदामाने आपली सनद त्याच्या नावे करून दिली, असे उत्पत्तीचा तिसरा अध्याय कोठेही म्हणत नाही.

त्या अध्यायात शाप येतो तो सर्पावर आणि भूमीवर. भूमी ‘काटे व कुसळे’ देईल, असे आदामाला सांगितले जाते. वाळल्या गवतातून चालून आल्यावर धोतराच्या काठात रुतलेली कुसळे ज्याने एकेक करून उपटली आहेत, त्याला या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एदेनातून बाहेर पडलेल्या मनुष्याला मशागतीसाठीच पाठवले आहे (३:२३), म्हणजे काम काढून घेतलेले नाही. त्या कामातला सलोखा गेला आहे. ज्याने पशुपक्ष्यांना नावे दिली, त्याचीच जलप्रलयानंतर त्यांना धास्ती वाटू लागते (९:२), आणि हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

मुळात सत्ता म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. उत्पत्ती १:२८ मधील ‘रादा’ हे इब्री क्रियापद स्तोत्र ७२ मध्ये दीनदुबळ्यांना सोडवणाऱ्या राजासाठी येते आणि यहेज्केल ३४:४ मध्ये कळपावर जुलूम करणाऱ्या मेंढपाळांसाठीही येते. या दोहोंपैकी आपल्याकडून कोणती अपेक्षा आहे, ते उत्पत्तीचा दुसरा अध्याय ‘मशागत व राखण’ या दोन शब्दांत सांगतो. राखण करणे यासाठीचे ‘शामर’ हे क्रियापद गणना ६:२४ मधील आशीर्वादातही आहे. परमेश्वर तुझे संरक्षण करो, असे पाळक उपासनेच्या शेवटी म्हणतात, तेव्हा देव आपली जशी राखण करतो तशीच राखण बागेची व्हावी, हे त्यांच्या तोंडून आपण ऐकत असतो. सत्ता सैतानाने नेली असे म्हटले की आटलेल्या विहिरीचा आणि उजाड डोंगराचा जाब आपल्याला कोणी विचारायचाच नाही, म्हणून ही शिकवण मला निरुपद्रवी वाटत नाही.

इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्तोत्र ८ उद्धृत करून लेखक कबूल करतो की सर्व काही मनुष्याच्या अधीन झालेले अद्याप आपल्याला दिसत नाही, पण येशू दिसतो. लूकने सांगितलेल्या त्याच परीक्षेच्या चाळीस दिवसांविषयी मार्क १:१३ मध्ये एक लहानसे वाक्य आहे : तो वनपशूंमध्ये होता.