फी माफ, मग ही पावती कसली?

वाचकांचे प्रश्न : उच्च शिक्षणाचा खर्च

प्रश्न : मुलीने सीईटी दिली आहे, इंजिनीअरिंगला जायचं म्हणते. आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न सहा लाख. मुलींना फी माफ आहे असं ऐकतो, पण ओळखीतल्या एका मुलीकडून कॉलेजने पैसे घेतलेच. खरं काय समजायचं?
– एक पालक, हडपसर

उत्तर : दोन्ही खरं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह आणि बसचा खर्च त्यात धरलेला नाही. त्यामुळे पावती हातात आली की आधी शीर्षकं वाचा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. पावतीवरचे आकडे तिथल्या आकड्यांशी ताडून पाहा. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशा सूचना सरकारने कॉलेजांना दिल्या आहेत. तरी कोणी मागितलं, तर तोंडी हुज्जत घालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सगळ्यात महत्त्वाची अट जागेची आहे. सवलत मिळते ती 'कॅप'मधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेवर. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेवर बसलेल्या मुलीला ती मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठंही या योजनेत नाहीत, आणि पुण्यात ही दोन्ही प्रकारची विद्यापीठं भरपूर आहेत. बोर्डावर नुसतं 'विद्यापीठ' वाचून हुरळून जाऊ नका, ते कोणत्या प्रकारचं आहे हे पसंतीक्रम भरण्याआधीच विचारा. तिसऱ्या फेरीपर्यंत धीर सुटतो आणि 'आपलं' कॉलेज मिळावं म्हणून पालक कोट्याकडे वळतात. तिथे चार वर्षांच्या सवलतीवर पाणी सोडावं लागतं, हा हिशेब त्या घाईत कोणी करत नाही.

कागद आत्ताच तयार करा : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर. प्रवेशासाठी नॉन क्रिमीलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. गेल्या वर्षीचं चालवून घेतील, या भरवशावर राहिलात तर मुलीला खुल्या प्रवर्गातून स्पर्धा करावी लागेल. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि जात वैधतेला तर त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

प्रवेश झाला की महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, सवलतीसाठी अर्ज करायचा, आणि तो दरवर्षी करायचा. अर्ज अडकतात ते बहुतेक दोन ठिकाणी. एक म्हणजे बँक खातं. सरकारकडून पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. मुलीने मध्येच मोबाईलवरून दुसऱ्या बँकेत खातं काढलं असेल तर जोडणी तिकडे गेलेली असू शकते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की कोणती बँक जोडली आहे ते कळतं. दुसरं म्हणजे त्रुटी. कॉलेजचा क्लार्क अर्ज परत पाठवतो, मेसेज बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि मुदत टळते. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहायची सवय मुलीलाच लावा.

प्रश्न : मुलाला संस्था स्तरावर प्रवेश मिळाला. चार वर्षांत सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज लागेल. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही, मग व्याज तरी आत्तापासून का भरायचं?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : कारण व्याज थांबलेलं नसतं. दर १० टक्के धरू. बँक दरवर्षी दीड लाख थेट कॉलेजला देते. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं, एवढ्यात सरळ व्याजाने २ लाख १० हजार साचतात. मुद्दलात ते मिळवले की कर्ज ८ लाख १० हजारांचं होतं आणि दहा वर्षांचा हप्ता साधारण १०,७०० रुपये बसतो. व्याज दरमहा भरत गेलात तर पहिल्या वर्षी १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि पुढे ५,००० रुपये द्यावे लागतील. मग मुलाच्या पहिल्या पगारातून हप्ता जाईल तो सुमारे ७,९०० चा. बऱ्याच बँका शिक्षणाच्या काळात व्याज भरणाऱ्याला एक टक्का सूटही देतात. ती मंजुरीपत्रात लिहून घ्या.

एक मेख आहे. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई), पहिल्यांदा व्याज भरलेलं वर्ष धरून, आठच वर्षं मिळते आणि तीही जुन्या कररचनेत. तुम्ही नव्या रचनेत असाल तर तो विषयच मिटला.

साडेसात लाखांच्या आत सहसा तारण लागत नाही, पण सहकर्जदार म्हणून तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण, पाहिला जातो. क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी असेल तर अर्जाआधी मिटवा. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेतल्या व्याज सवलतीवर मात्र व्यवस्थापन कोट्याच्या प्रवेशात भिस्त ठेवू नका.

प्रश्न : भोरहून मुलगा बीएस्सीला पुण्यात येतोय. एकूण किती तयारी ठेवू?
– एक शेतकरी पालक

उत्तर : आधी तुकडी अनुदानित की विनाअनुदानित ते विचारा. एकाच कॉलेजात साधी बीएस्सी अनुदानित आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित असं असू शकतं, आणि फीमध्ये मोठी तफावत पडते. अनुदानित तुकडीत फीपेक्षा राहण्या-जेवण्याचाच खर्च जास्त होतो. समाजकल्याणची वसतिगृहं आणि विद्यार्थी साहाय्यक समिती (ग्रामीण मुलांसाठी वसतिगृहं चालवणारी पुण्यातली संस्था) इथे आधी अर्ज करा. पेठेतली कॉट बेसिसची खोली त्यानंतर बघा. खोली घेताना अनामत किती, सोडताना किती कापणार आणि दिवाळी-मेच्या सुट्टीत भाडं चालू राहणार का, हे लिहून घ्या. मेसमध्ये खाड्यांचे पैसे वजा होतात का आणि सलग किती दिवसांचे, हेही पहिल्याच दिवशी विचारा. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिच्या नावनोंदणीची चौकशी कॉलेज सुरू होताच विद्यार्थी विकास विभागात करावी.

प्रश्न : सुकन्या समृद्धीतले पैसे बारावीनंतर काढता येतील का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : येतील, पण सगळे नाहीत. मुलगी दहावी झाली किंवा १८ वर्षांची झाली की आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम निघते. प्रवेश निश्चित झाल्याचा पुरावा किंवा कॉलेजची फी-स्लिप लागते आणि प्रत्यक्ष फीपेक्षा जास्त मिळत नाही. एकरकमी काढा किंवा वर्षाला एक याप्रमाणे जास्तीत जास्त पाच हप्त्यांत. अर्ज प्रवेशाच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण कॉलेजची फीची मुदत पोस्टातल्या कामासाठी थांबत नाही.