सूर्यनमस्कारानंतरचा मेसेज

प्रिय ईशान,

परवा गाडीत तू विचारलंस, "आजी म्हणते अहिंसा हा योगातला पहिला नियम. मग आजोबा सकाळी सूर्यनमस्कार घालून लगेच ग्रुपवर 'ठोका त्यांना' कसं लिहितात?" 2025 च्या मे महिन्यातले, पाकिस्तानशी लढाई चालू असतानाचे ते मेसेज तू वर जाऊन वाचलेले दिसतात. सिग्नल सुटेपर्यंत आटपेल असं हे उत्तर नव्हतं, म्हणून लिहितेय.

आजीचं बरोबर आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगं आहेत, त्यांत आसन तिसरं येतं. त्याआधी यम (काय टाळायचं) आणि नियम (काय पाळायचं), आणि यमांत अगदी पहिली अहिंसा. पण आजोबांचा सूर्यनमस्कार त्या सूत्रांतला नाही. आपल्याकडे तो तालमीत, मारुतीच्या देवळात, जोर-बैठकांच्या शेजारी वाढला. अंग कमवायला घालायचा. तो घालून राग जातो, असं कुठल्या वस्तादानं सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही!

आता लढाईचं. अहिंसेचं व्रत जात, ठिकाण, वेळ, प्रसंग कशानेही तुटू नये, असं पतंजलींचं सूत्र आहे. त्यावरच्या व्यासभाष्यात सवलत मागणारे एकेक जण येतात. कोळी म्हणतो, मासे सोडून कुणाला मारणार नाही. कुणी म्हणतो, तीर्थाच्या जागी मारणार नाही, कुणी चतुर्दशीला नाही. क्षत्रिय म्हणतो, फक्त युद्धात मारीन. भाष्याच्या मते ही सगळी मर्यादित अहिंसा, महाव्रत नव्हे. ते महाव्रत योग्याचं. पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली, तीन तर एकट्या डोंबिवलीची. आजोबांचा संताप खोटा नव्हता. आणि सीमेवरच्या जवानानं काय करावं, हे मी मँचेस्टरमध्ये चटईवर बसून ठरवणार नाही.

पण पुढे एक सूत्र आहे, ते थेट आपल्या घरात येतं. हिंसा तीन तऱ्हांची: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला नुसतं अनुमोदन दिलं ती. आजोबांनी कुणाला चापटही मारलेली मला आठवत नाही. पण पडलेल्या घराच्या व्हिडिओखाली टाळ्यांची चित्रं टाकणं या तिसरीत बसतं. तुझ्या फुटबॉलच्या दोस्ताचे आजी-आजोबा लाहोरला राहतात, हे त्यांना माहीत होतं का, कोण जाणे.

गंमत म्हणजे आजोबांचे वडील औंधच्या शाळेत शिकले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे एवढे वेडे, की संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला. याच राजानं 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. युरोपात महायुद्ध पेटलं त्याच वर्षी इकडे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं: खुनासाठी शिक्षा झालेले कैदी, भोवती तुरुंगाची भिंत नाही, आणि कसायला जमीन. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनियर त्यामागे होता. माणूस मारलेल्याच्या हाती कुदळ देऊन त्याच्यावर विश्वास टाकायचा, हे मला हजार नमस्कारांपेक्षा अवघड वाटतं. अर्थात तिथलाही हिशेब सरळ नव्हता. 1942 नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे भूमिगत, बंदुका बाळगणारे, त्यांनाही औंधाच्या हद्दीत आसरा मिळाला.

ते मेसेज दोस्ताला दाखवू का, असंही विचारलं होतंस. नको. रविवारच्या कॉलवर आजोबांनाच विचार, आणि माझं नाव पुढे करू नकोस. "असं का लिहिलंत?" नं सुरुवात केलीस तर ते आजीकडे फोन देतील. "पणजोबांना शाळेत किती नमस्कार घालावे लागायचे?" इथून सुरू कर. औंध निघालं की ते तासभर थांबत नाहीत. स्वतंत्रपूरपर्यंत आले की मग तुझा प्रश्न टाक.

तुझी,
आई