आईचा नेम मोडू नकोस

चि. बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू बोललास ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. आईला ठाण्यातच नौपाड्यातून घोडबंदरला आणलंस. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना जवळ आहे. तरी ती गप्प बसून असते, एकादशी सोडत नाही आणि सोमवारी कौपिनेश्वराच्या देवळात जायचंच म्हणते. "काका, हिला नक्की हवंय काय?" अरे, तिला तिचा नेम हवाय. तो मोडू नकोस.

तुला तिच्या साखरेची काळजी आहे ना, मग साखरेपुरतंच बोल. साबुदाण्याने साखर चढते, तर थोडा राजगिरा, ताक, काकडी दे. उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचार, मनाने बंद करू नका. निर्जळी मात्र करू देऊ नकोस. गीतेच्या सहाव्या अध्यायातला १६वा श्लोक तिच्यासमोर ठेव: फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. तुझं ऐकणार नाही, भगवंताचं ऐकेल. पण एकादशीच बंद कर, हे तोंडातून काढू नकोस. तुला सकाळी नोकरी उठवते. तिला कोण उठवणार?

गर्दीत पडेल म्हणतोस. श्रावणी सोमवारी नको नेऊस. एरवी उन्हं चढायच्या आत रिक्षाने ने आणि जांभळी नाक्यावर बेल तिलाच निवडू दे. पानं किडकी नकोत, तिन्ही दळं शाबूत हवीत. जुड्या उलटसुलट करील, फुलवालीशी घासाघीस करील, तिच्या सुनेची चौकशी करील. घाई करू नकोस. तेवढं ती घरात आठवडाभर बोलत नाही.

या वयात विरक्ती हवी, असंही म्हणालास. राग आला मला. विरक्ती तिने घ्यायची असते, तू तिच्या हातातून काढून घ्यायची नसते!

माझ्या मुलांनीही मला पुण्याला बोलावलं. गेलो नाही. हट्टी म्हणाले, अजून म्हणतात. पण सकाळी घंटाळीला योगासनं आणि संध्याकाळी तलावपाळीवर जप, यावर माझं चालणं-बोलणं टिकलंय. तुझी काकू गेली, तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून मला उठवलं ते देवपूजेनेच. मी बरोबरच केलं.

आणि ते देवघर बाल्कनीतून आत घे. गुडघे दुखतात, तर देव टेबलावर मांड. खुर्चीत बसून पूजा चालते, हे काकांनी सांगितलंय म्हण. तरी ऐकली नाही, तर फोन लावून दे, मी बोलतो.

तुझा,
काका