टोकन देण्याआधी

प्रिय बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोंड्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट पाहून ठेवलास आणि टोकन द्यायचं का, एवढंच विचारतेस. आईबाबांना अजून विचारलेलं दिसत नाही. टोकन देऊ नको. आधी त्यांच्याशी बोल.

आमच्याकडे हे उलटं झालं. सावईवेऱ्याच्या घराला अंगणातून सोप्यावर चढायला चिऱ्याच्या तीन पायऱ्या. श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरतं, हे आम्हाला जन्मभर ठाऊक होतं. तिथेच हिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढे कुठं राहायचं ते इस्पितळाच्या व्हरांड्यात मुलांनी ठरवलं. ती आत गुंगीत होती. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. फ्लॅटमध्ये ती चार वर्षं होती, आजारपण नीट निभावलं, पण संध्याकाळ झाली की "घरी कधी जायचं?" म्हणायची. ती रुखरुख मला आजही आहे.

तेव्हा दोघं स्वतःच्या पायांवर हिंडताहेत तोवर हा विषय काढ. चार दिवस नुसतं बघ, त्यांचा दिवस कसा जातो. बाबा माडापोफळींच्या कुळागरात पाणी सोडतात, देवळात जातात, वाटेत दुकानाच्या बाकावर बसतात. पाव विकणारा पोदेर दारात येतो. आईला शेजारीण दोनदा हाक मारते. यातलं चौथ्या मजल्यावर काय उरेल? पावसात वीज गेली आणि लिफ्ट थांबली, तर औषधाच्या दुकानापर्यंत जायलाही बाबांना कुणाची तरी वाट बघावी लागेल. घ्यायचाच तर तळमजल्याचा घे, बाजार आणि बसस्टँड चालत गाठता येईल असा. बाल्कनीतून डोंगर दिसला नाही तरी चालेल.

पण त्याआधी गावातलं घर दुरुस्त होतं का ते बघ. बहुतेक होतं. परसातला संडास झोपायच्या खोलीला लागून आण, कमोड बसव, भिंतीत पक्की कडी ठोक. पलंगावरून हात पोचेल असा दिव्याचा खटका हवा. पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर गवंड्यावर सोडू नको. एक फूट चढायला १२ फूट लांबी लागते. दीड फुटाच्या चढाला १८ फूट, म्हणजे उतार अंगणातून वळवून घ्यावा लागेल. गवंडी सहा फुटांत बसवून देतो, आणि तो पायऱ्यांपेक्षा धोक्याचा.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी नीट वाच. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवराबायको दोघांची. आईच्या सहीशिवाय बाबांना घर विकता येत नाही. मुलांचा हक्काचा अर्धा वाटा मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही, आणि त्यात मुलगी मुलाइतकीच धरली जाते. "घर भावाच्या नावावर करून टाका, तो बघेल" असं कुणी सुचवलं तर घाई करू देऊ नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचं बक्षीसपत्र सांभाळ झाला नाही तर रद्द करून घेता येतं, पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली बरी. तोंडी शब्दावर म्हातारपण टाकू नये. माझ्या ओळखीतल्या एका बाईनं टाकलं होतं. आज ती स्वतःच्याच घरात न्हाणीला लागून असलेल्या खोलीत राहते, आणि त्या घरी जाताना मला लाज वाटते.

फ्लॅटच हवा असं दोघांनी स्वतः म्हटलं तर मी अडवणार नाही. मग जुलैत महिनाभर भाड्यानं राहून बघा. मे महिन्यात कुठलीही जागा आवडते. धो धो पावसात बाबा बाहेर पडतात का, आईला दुपारी बोलायला कुणी सापडतं का, ते जुलैत कळेल. आणि तोवर गावातलं घर विकायचं नाही, चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी तिथेच बांधायची.

चवथीला येशील तेव्हा मोजपट्टी आण. उंबरठे आणि दारांची रुंदी दोघं मिळून मोजू, बाबांनाही बरोबर घेऊ. कुठला उंबरठा काढायचा ते त्यांनाच सांगू दे.

तुझा,
सर