ओव्हरीची गाठ काढली, आता केमो घ्यायचीच का?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी 19 वर्षांची आहे, मागच्या महिन्यात तिची उजवी ओव्हरी गाठीसकट काढली. रिपोर्टमधे डिसजर्मिनोमा (ओव्हरीतल्या बीजपेशींचा कॅन्सर), स्टेज 1ए (गाठ एकाच ओव्हरीपुरती) असं आलंय. सर्जन म्हणतात केमो नको, फक्त तपासणीला येत रहा. पण घरचे सगळे म्हणतायत कॅन्सर म्हटल्यावर केमो घ्यायलाच हवी, नाहीतर परत उलटेल. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, सर्जन बरोबर सांगतायत, पण दोन गोष्टी आधी पक्क्या करा. ही गाठ प्युअर, म्हणजे निव्वळ डिसजर्मिनोमाच आहे ना, कारण त्यात योक सॅक ट्यूमरचा (बीजपेशींच्याच कॅन्सरचा दुसरा, जास्त आक्रमक प्रकार) थोडासा भाग जरी मिसळलेला असला तरी सगळा हिशोब बदलतो आणि मग केमो लागते. म्हणून गाठीचे स्लाइड आणि ब्लॉक (तपासणीसाठी जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) घेऊन टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी एकदा परत बघून घ्या, आणि ऑपरेशनआधीची एएफपी (ही रक्ताची एक तपासणी) शोधा, ती वाढलेली असेल तर गाठ प्युअर नाही असंच धरायचं. दुसरं म्हणजे 1ए हे नीट तपासून ठरवलंय का, गाठ फुटली नव्हती ना, पोटातलं पाणी तपासलं का, सीटी स्कॅनमधे लिम्फ नोड ठीक आहेत का, हे सर्जनना सरळ विचारा, विचारायला लाजू नका.

हे सगळं ठीक असेल तर केमो नको. परत उलटण्याची शक्यता साधारण 15 ते 20 टक्के असते, आकडा ऐकून पोटात गोळा येतो मला माहितीये, पण हा ट्यूमर केमोला इतका छान दाद देतो की उलटला तरी तेव्हा बीईपी (तीन औषधांची केमो) देऊन बहुतेक मुली बऱ्या होतात. मग शंभरातल्या उरलेल्या 80 जणींना आत्ताच कशाला द्यायची? त्या केमोतल्या ब्लिओमायसिनने फुप्फुसाला त्रास होऊ शकतो, सिस्प्लॅटिनने कानाला आणि किडनीला, आणि पोरगी अजून 19 वर्षांची आहे हो.

फक्त तपासणी चुकवायची नाही. पहिली दोन वर्षं जास्त महत्त्वाची, बहुतेक वेळा उलटायचं ते याच काळात उलटतं, त्यामुळे डॉक्टर सांगतील तसं एलडीएच, बाकीचे मार्कर (गाठ परत आली तर सुगावा देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि सोनोग्राफी किंवा स्कॅन ठरल्या तारखेला करायचंच, परीक्षा असो की लग्नकार्य. सोनोग्राफीत डावी ओव्हरीही नीट बघायला सांगा, ती चांगली असेल तर पाळी येईल आणि पुढे मूलही होऊ शकतं, हे तिला तुम्ही स्वतः सांगा, बऱ्याचदा मुली हे मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत.